'त्याने' आणि 'त्याला' : मानसशास्त्रीय थरारकथेतील गुन्ह्याची व भावनेची शब्दकळा

१

लोकप्रिय कथात्म साहित्याच्या ज्या प्रकाराला आज 'मानसशास्त्रीय थरारकथा' म्हटले जाते, त्याची मराठी समीक्षेने फारशी दखल घेतलेली नाही. जी घेतली ती प्रामुख्याने कथानक, रहस्याची उकल आणि वाचकसंख्या यांच्या अंगाने. या प्रकाराची भाषा, विशेषतः गुन्हा आणि भावना यांना नाव देणारी तिची शब्दकळा, हा विषय जवळजवळ अस्पर्शित राहिला आहे. वस्तुतः या प्रकाराचे वेगळेपण असेल तर ते तेथेच आहे. 'कोणी केले?' हा प्रश्न रहस्यकथेचा. मानसशास्त्रीय थरारकथेचा प्रश्न 'करणाऱ्याच्या मनात काय होते?' हा आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर एखाद्या नावाने देता येते. दुसऱ्याच्या उत्तरासाठी भाषेजवळ तशी शब्दसंपत्ती असावी लागते.

त्झ्वेतान तोदोरोव्ह यांनी १९६६ मध्ये हेरकथेचे वर्गीकरण करताना तिच्यातील दोन कथा वेगळ्या काढून दाखवल्या : एक गुन्ह्याची, जी कथन सुरू होण्यापूर्वीच संपलेली असते, आणि दुसरी तपासाची, जी वाचकासमोर घडते. थरारकथेत पहिली कथा मागे सरते आणि वाचकाचे लक्ष पुढे काय होणार याकडे लागते. मानसशास्त्रीय थरारकथेबाबत या मांडणीत एक भर घालावी लागेल. तेथे गुन्ह्याची कथा संपलेलीच नसते. ती गुन्हेगाराच्या मनात भीती, संशय, टोचणी या रूपांनी चालू राहते. म्हणजे दोन कथांना जोडणारा दुवा भावना हा असतो. तो दुवा मराठीत कोणत्या शब्दांनी सांधला जातो, आणि त्या शब्दांनी सांधला जाताना कोणता अनुभव सांध्याबाहेर राहतो, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

आरंभी प्रकारनामांकडेच पाहावे. 'रहस्यकथा' आणि 'गूढकथा' ही नावे जे दडलेले आहे त्यावरून पडली. 'हेरकथा' हे नाव शोधणाऱ्याच्या व्यवसायावरून. 'भयकथा' आणि 'थरारकथा' ही नावे वाचकाच्या मनाला व शरीराला जे होते त्यावरून. गुन्ह्यावरून पडलेले नाव मराठीत रुळले नाही. हिंदीत 'अपराध कथा' सहज म्हटले जाते, मराठीत तसे होत नाही. प्रकाराने आपल्या नावातच गुन्ह्याऐवजी त्याचा परिणाम स्वीकारला आहे, ही गोष्ट पुढील विवेचनात उपयोगी पडेल.

२

गुन्ह्याच्या मराठी शब्दकळेत तीन थर दिसतात. पहिला फारसी-अरबी : गुन्हा, खून, फिर्याद, पंचनामा, मुद्देमाल, कबुलीजबाब. दुसरा संस्कृत : अपराध, हत्या, वध, अत्याचार, आरोप. तिसरा देशी, बहुतांशी वाक्प्रचारांचा : काटा काढणे, उट्टे काढणे, डूख धरणे, गळा घोटणे. हे थर केवळ व्युत्पत्तीचे नाहीत. प्रत्येकाबरोबर गुन्ह्याकडे पाहण्याची एक भूमिका येते.

फारसीतील 'गुनाह' म्हणजे पाप. मराठीत येताना या शब्दातील पाप गळून पडले आणि कायद्याने दंडनीय ठरवलेले कृत्य तेवढे उरले. पापाला ईश्वर साक्षी असतो, गुन्ह्याला पंच लागतात. 'खून' म्हणजे मुळात रक्त. मराठीने या शब्दातले रक्त पुसून त्याला कृत्याचे नाव केले, इतके की 'विषप्रयोगाने खून' यात आपल्याला काही विसंगत वाटत नाही. पोलिसी व्यवहारात तर शब्दही उरत नाही, आकडा उरतो. भारतीय दंड संहितेतील कलम ३०२ हे दीड शतकाहून अधिक काळ मराठी बोलण्यात 'तीनशे दोन' या नावाने नामासारखे वापरले गेले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत त्या कलमाची जागा १०३ ने घेतली असली, तरी भाषेच्या स्मरणात आणि कादंबऱ्यांच्या पानांवर जुना आकडा दीर्घकाळ राहील असे दिसते.

याउलट 'अपराध' हा शब्द करणाऱ्याच्या आतल्या बाजूने पाहतो. 'अप' आणि 'राध्' यांपासून झालेल्या या शब्दाच्या जुन्या अर्थांत नेम चुकणे हा अर्थ आहे. ज्याचा बाण लक्ष्यापासून ढळला त्या धनुर्धराला अमरकोशात 'अपराद्धपृषत्क' म्हटले आहे. दोस्तोयव्हस्कीच्या १८६६ मधील कादंबरीच्या रशियन नावातील 'गुन्हा' या अर्थाच्या शब्दात 'ओलांडून जाणे' अशी कल्पना आहे. रशियन शब्दाची प्रतिमा सीमेची आहे, संस्कृत शब्दाची लक्ष्याची. एकात मनुष्य मर्यादेपलीकडे जातो, दुसऱ्यात तो जे साधायचे ते चुकतो. म्हणूनच मराठीत भावनावाचक समास 'अपराध'पासून झाले : अपराधभाव, अपराधगंड, अपराधी वाटणे. 'गुन्हेगार वाटणे' असे क्वचितच कोणी म्हणते. मनुष्य गुन्हेगार ठरतो; त्याला वाटते ते अपराधी. ठरणे आणि वाटणे यांतील हे अंतर म्हणजेच मानसशास्त्रीय थरारकथेचा सगळा अवकाश होय.

'कबुलीजबाब' या शब्दाकडे येथे वेगळे लक्ष द्यावयास हवे. पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, हे तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्यापासून चालत आलेले आहे. प्रथमपुरुषी निवेदन असलेली थरारकथा ही नेमकी अशी, न्यायालयात न चालणारी कबुली असते. न्यायालय जे ऐकून घेत नाही ते वाचकाला ऐकवले जाते, आणि वाचक न्यायाधीश होण्याऐवजी साथीदार होतो. पॅट्रिशिया हायस्मिथ यांनी १९५५ मध्ये रिप्ली हे पात्र निर्माण केले तेव्हा निवेदन तृतीयपुरुषी असूनही हेच साधले : वाचक गुन्हेगार पकडला जाऊ नये म्हणून श्वास रोखून धरतो.

३

भावनेच्या शब्दकळेत व्याकरणाचा एक विशेष आढळतो आणि तो या निबंधाच्या दृष्टीने निर्णायक आहे. गुन्हा कथेत बहुधा भूतकाळात सांगितला जातो, आणि मराठीत भूतकाळातील सकर्मक क्रियेचा कर्ता 'ने' प्रत्यय घेतो : 'त्याने खून केला.' भावनेचा अनुभव घेणारा मात्र 'ला' प्रत्यय घेतो : 'त्याला भीती वाटली', 'त्याला राग आला', 'त्याला पश्चात्ताप झाला'. पहिल्या वाक्यात मनुष्य करतो. दुसऱ्या प्रकारच्या वाक्यांत भावना कोठून तरी येते आणि मनुष्य तिचे ठिकाण होतो. मराठी थरारकथेला म्हणूनच एका व्याकरणिक कोड्याची उकल करायची असते : 'त्याने' आणि 'त्याला' हे एकच आहेत, हे वाचकाला कसे पटवायचे?

भाषेने या दोहोंमध्ये एक तिसरी वाक्यरचना ठेवलेली आहे : 'त्याच्या हातून खून झाला.' येथे कर्ता मागे हटून साधन होतो. खून होतो, हात तेवढा त्याचा असतो. कायद्यानेही या रचनेला जागा दिली आहे. गंभीर आणि अचानक प्रक्षोभाखाली केलेली हत्या खून न ठरता 'सदोष मनुष्यवध' ठरू शकते, या तरतुदीमागे 'त्याला राग आला' हे वाक्य 'त्याने मारले' या वाक्याला काही अंशी सौम्य करते, असाच विचार आहे. चौथी रचना वृत्तपत्रांची : 'त्याचा खून झाला.' येथे 'त्याचा' म्हणजे मृत. मारणारा वाक्याबाहेर गेलेला असतो.

अर्थात सर्वच भावना 'ला' घेत नाहीत. क्षणिक भावना येतात. दीर्घकाळ जोपासलेल्या भावना मात्र मराठीत केल्या किंवा धरल्या जातात. त्याने द्वेष केला, मत्सर केला, वैर धरले, डूख धरला. येथे भावनेचीही जबाबदारी कर्त्यावर येते. भीतीच्या वाक्प्रचारांत तर मनुष्य पूर्णपणे शरीराच्या स्वाधीन होतो : पोटात गोळा येतो, घशाला कोरड पडते, अंगावर काटा उभा राहतो, पाचावर धारण बसते. अपराधाच्या जाणिवेचे वाक्प्रचारही दुखण्याचे आहेत. मन खाते, टोचणी लागते. विसाव्या शतकात मानसशास्त्राबरोबर आलेल्या 'न्यूनगंड', 'अपराधगंड' या पारिभाषिक शब्दांतील 'गंड' म्हणजेही संस्कृतात गाल, तसेच गळू किंवा गाठ. 'नेणीव' हा संतवाङ्मयातील अज्ञानवाचक शब्द मनाच्या अबोध भागासाठी वापरला जाऊ लागला तेव्हा मात्र शरीराची प्रतिमा प्रथमच बाजूला पडली. तथापि थरारकथेने 'नेणीव' स्वीकारली नाही, 'गंड' आणि 'काटा' स्वीकारले. या निवडीत प्रकाराची मर्यादा आहे तशी ताकदही आहे.

त्यातही 'सूड' हा शब्द अपवादात्मक म्हटला पाहिजे. सूड घेतला जातो, उगवला जातो. म्हणजे ते कृत्य आहे. पण 'सुडाची भावना', 'सुडाने पेटणे' या प्रयोगांत तोच शब्द भावना होतो, आणि पेटणाऱ्याला आपल्या पेटण्यावर ताबा नसतो. 'त्याने' आणि 'त्याला' यांमधील दरी हा एकच शब्द एका उडीत ओलांडतो. गुन्हाही तोच आणि गुन्ह्याचे स्पष्टीकरणही तेच. थरारकथेला, आणि केवळ थरारकथेलाच नव्हे, या शब्दाचा मोह का पडतो हे यावरून ध्यानात यावे.

४

या दृष्टीने मराठी परंपरेचा धावता आढावा पुरेसा आहे. बाबूराव अर्नाळकर (१९०६-१९९६) यांच्या हजाराहून अधिक रहस्यकथांतील झुंजार, काळापहाड हे नायक भयाच्या पलीकडचे आहेत. तेथे भावना हे पात्रांचे विशेषण आहे, त्यांचा अनुभव नव्हे. खलपुरुष क्रूर असतो, नायक धाडसी असतो, आणि सारे व्याकरण 'ने'चे असते. नारायण धारप (१९२५-२००८) यांच्या भयकथेत उलट टोक दिसते. तेथे अरिष्ट बाहेरून, अमानवी शक्तीकडून येते. पात्रांना भीती वाटते, पण त्या भीतीला त्यांचे स्वतःचे कृत्य कारण असतेच असे नाही. व्याकरण 'ला'चे आहे, 'ने'ची जागा अमानवाने घेतली आहे. सुहास शिरवळकर (१९४८-२००३) यांनी बॅरिस्टर अमर विश्वास यांच्या कथांतून न्यायालयाची बोली लोकप्रिय कादंबरीत रुळवली. पण खटला जिंकण्याची चुरस हा तेथील मुख्य रस राहिला. 'त्याने' आणि 'त्याला' यांची गाठ एकाच मध्यमवर्गीय घरात, एकाच माणसात घालण्याचे श्रेय प्रामुख्याने रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) यांच्या गूढकथेला द्यावे लागेल. तेथे अतिमानुषाची शक्यता खुली ठेवूनही भयाचा उगम वारंवार माणसाच्या स्वतःच्या इच्छेत शोधला जातो.

तरीही या परंपरेच्या बाहेरची एक कृती येथे अधिक बोलकी आहे. विजय तेंडुलकर यांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ मध्ये रंगभूमीवर आले. खेळातला खटला, भ्रूणहत्येचा आरोप, आरोपीच्या पिंजऱ्यात लीला बेणारे. फिर्याद, साक्ष, आरोप हे सगळे शब्द येथे गुन्ह्याचा शोध घेण्यासाठी नसून गुन्हा करण्यासाठी वापरले जातात. भ्रूणहत्येचा आरोप ठेवणारे न्यायालय शेवटी गर्भ नष्ट करण्याचीच शिक्षा देते. 'गुन्हेगार कोण?' या प्रश्नाचे उत्तर तेथे एकवचनी नाही. आणि त्या समूहाला काय वाटते? गंमत वाटते. मराठी थरारकथेला जमला नाही असा एक विषय, म्हणजे समूहाच्या मनातील गुन्हा, तेंडुलकरांनी शब्दकळेच्याच पातळीवर पकडला आहे.

५

हा प्रश्न आधुनिक साहित्यापुरता नाही. भवभूतीचे मूळ गाव पद्मपूर. डॉ. वा. वि. मिराशी यांनी ते आमगावजवळचे पद्मपूर असल्याचे प्रतिपादन केले. हे ठिकाण १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत भंडारा जिल्ह्यात होते. त्याच्या 'मालतीमाधव' प्रकरणाच्या पाचव्या अंकात स्मशान आहे, कराला देवीपुढे मालतीचा बळी देऊ पाहणारा अघोरघंट आहे, आणि त्याचा वध झाल्यावर त्याची शिष्या कपालकुंडला सूड घेण्यास प्रवृत्त होऊन पुढे मालतीचे अपहरण करते. गुन्हा, भय आणि सूड यांनी पुढे सरकणारे कथानक या भूमीच्या कवीने आठव्या शतकाच्या सुमारास रचले आहे. पण भवभूतीची भावनेची शब्दकळा कोठून येते? नाट्यशास्त्रातून.

भरताने सांगितलेल्या तेहतीस व्यभिचारी भावांत पश्चात्ताप नाही. गुन्हेगाराच्या मनाशी ज्याचा सर्वांत निकटचा संबंध आहे असा भाव म्हणजे 'शंका'. चोरी, राजाचा अपराध, पापकर्म ही तिची कारणे; वारंवार इकडेतिकडे पाहणे, तोंडाला कोरड पडणे, ओठ चाटणे, चेहऱ्याचा रंग उडणे, आवाज बदलणे, कंप सुटणे ही तिची लक्षणे. आजच्या कोणत्याही थरारकथेतील संशयिताचे वर्णन यापुढे गेलेले नाही. तिच्या जोडीला 'अवहित्थ' म्हणजे मनातले लपवणे हाही भाव आहे. नंतरच्या शास्त्रकारांनी अकस्मात दचकवणारा 'त्रास' आणि मागचापुढचा विचार करून उपजणारे 'भय' यांत भेद केला. थरार आणि धास्ती यांतील भेद तोच. मराठीत 'त्रास' या शब्दाचा अर्थ पुढे उपद्रव, छळ असा झाला, हीही विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

मात्र नाट्यशास्त्राने शंका हा भाव स्त्रिया आणि नीच प्रकृतीची पात्रे यांचा मानला आहे, भयाबाबतही तेच. उत्तम प्रकृतीच्या पुरुषाला क्रोध येऊ शकतो, उत्साह असू शकतो; गुन्ह्यानंतरचा घाम मात्र खालच्यांच्याच अंगाला फुटायचा. म्हणजे कोणती भावना कोणाला 'वाटावी' याचे वाटप सामाजिक उतरंडीनुसार झालेले आहे. अर्नाळकरांचा निर्भय नायक आणि भेदरलेला हस्तक यांतही हे वाटप शाबूत राहिले आहे, असे म्हणावे लागते.

६

भंडारा जिल्ह्याचा उल्लेख येथे केवळ भवभूतीसाठी नाही. मोहाडी तालुक्यातील खैरलांजी या गावात २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे या दलित कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांची जमावाने हत्या केली. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवून सहा जणांना फाशीची व दोघांना जन्मठेपेची शिक्षा दिली; जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांचा कारावास दिला. अत्याचार प्रतिबंध कायद्याखालील आरोप दोन्ही न्यायालयांत टिकला नाही. हत्येमागचा हेतू सुडाचा मानला गेला, जातीचा नव्हे. निकालाचे कायदेशीर परीक्षण हा प्रस्तुत निबंधाचा विषय नाही. शब्दाचे परीक्षण मात्र समीक्षेचे काम आहे.

वर म्हटल्याप्रमाणे 'सूड' हा शब्द कृत्य आणि भावना यांना एकवटतो. हे एकवटणे नेहमी व्यक्तीच्या मनात होते. सूड घेणारा आणि ज्याच्यावर घेतला जातो तो, असे दोघेच या शब्दाला लागतात. दोघेही एका पातळीवर उभे आहेत असे हा शब्द गृहीत धरतो. सुडाच्या आधी एक आगळीक असते, तिच्या आधी आणखी एक. हिशेब मागे मागे जातो आणि बरोबरीचा होतो. जात हा मात्र बरोबरीचा हिशेब नव्हे. एखाद्या दलित स्त्रीने साक्ष दिली याचा कोणाला राग 'यावा', आणि त्या रागाला गावातल्या इतक्या जणांत जागा मिळावी, ही गोष्ट त्या रागाच्या आधीची आहे. 'सूड' म्हटल्याने राग दिसतो; राग येण्याचा अधिकार कोणाला आणि तो कोणी दिला, हे दिसत नाही.

'अत्याचार' या शब्दाची कथा याहून वेगळी, पण तितकीच उद्बोधक आहे. आचाराची मर्यादा ओलांडणे हा त्याचा शब्दार्थ. वृत्तपत्रांनी तो बलात्कारासाठी सौम्य पर्याय म्हणून वापरला; १९८९ च्या कायद्याने त्याला जातीय हिंसेचा अर्थ दिला; आणि बोलीत 'ॲट्रॉसिटी लावली' असा प्रयोग रुळून तो एका कलमाचे नाव झाला. शेवटच्या प्रयोगात क्रियेचा कर्ता पाहावा : अत्याचार करणारा नव्हे, तक्रार करणारा. पीडिताने 'लावली'. 'ने' प्रत्यय एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकला आहे.

समूहाच्या संदर्भात मराठी व्याकरण पुन्हा तपासून पाहण्यासारखे आहे. 'गावाने वाळीत टाकले' हे वाक्य मराठीत पूर्णपणे सहज आहे. ते इतके सहज आहे की सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. 'गावाला राग आला' हेही सहज. पण 'गावाला टोचणी लागली', 'गावाचे मन खाऊ लागले' ही वाक्ये व्याकरणशुद्ध असूनही भाषेत वावरत नाहीत. समूह 'ने' घेऊ शकतो, रागासाठी 'ला' घेऊ शकतो. अपराधाच्या जाणिवेसाठी मात्र मराठीत समूहाला जागा नाही. पश्चात्ताप एकट्यालाच करावा लागतो. तो कोणीच करीत नाही तेव्हा भाषा 'प्रकार घडला' एवढे म्हणून थांबते, आणि त्या वाक्यात 'ने' नसतो तसा 'ला'ही नसतो.

याच प्रदेशातील झाडीबोलीत, जिचा अभ्यास डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी चिकाटीने उभा केला, 'ण'चा उच्चार 'न' होतो. तिच्यात 'खूण' आणि 'खून' हे शब्द कानाला एकच होतात. या योगायोगावर सिद्धान्त उभारण्याचे कारण नाही. पण रहस्यकथेने ज्या खुणेवरून खुनापर्यंत जायला वाचकाला शिकवले, ती खूण प्रत्येक वेळी एखाद्या वस्तूवर किंवा शरीरावर नसते. ती शब्दातही असते, हे या बोलीच्या निमित्ताने लक्षात ठेवायला हरकत नाही.

७

मानसशास्त्रीय थरारकथेने मराठीला जे दिले ते नाकारण्याचे कारण नाही. 'गुन्हेगार ठरणे' आणि 'अपराधी वाटणे' यांतील अंतर तिने कथनाचा विषय केले. गुन्हेगार हा परका नसून आपल्यासारखाच पोटात गोळा येणारा माणूस आहे, हे तिने वाचकाला स्वतःच्या शरीरावर अनुभवायला लावले. पण तिच्या शब्दकळेचे एकक व्यक्तीचे मन हे आहे. गुन्हा मनात सुरू होतो आणि मनात संपतो, हा तिचा संकेत आहे. संकेत म्हणून तो निर्दोष आहे. वास्तवाचे स्पष्टीकरण म्हणून तो स्वीकारला गेला की धोकादायक ठरतो. वृत्तपत्रे, वकील आणि वाचक जेव्हा एखाद्या सामूहिक हिंसेला सूड, संताप, उद्रेक अशा नावांनी ओळखू लागतात, तेव्हा ते नकळत थरारकथेच्या पद्धतीने वाचत असतात.

म्हणून या प्रकाराच्या अभ्यासकाने कथानकाची गुंतागुंत मोजत बसण्यापेक्षा प्रत्ययांकडे पाहावे. कोणत्या वाक्यात 'ने' आहे, कोणत्यात 'ला', कोठे 'हातून' आले, आणि कोठे कर्ताच नाही. समूहाच्या गुन्ह्यासाठी, आणि समूहाला लागू शकेल अशा टोचणीसाठी, मराठीत अद्याप वाक्य घडलेले नाही. ते घडवण्याची जबाबदारी कथेची आहे; ते नाही याची नोंद ठेवण्याची जबाबदारी समीक्षेची.